ढोलवाल्याचा व्हिडिओ

दादाला जुनी खेळणी जमवायचा भारी नाद. परदेशातल्या ऑनलाइन विक्रेत्यांनी दोनदा त्याच्या गळ्यात नकली माल मारला होता, म्हणून आता तो ताकही फुंकून प्यायचा. पत्र्याच्या ढोलवाल्यासाठी त्यानं परदेशी विक्रेत्याला अटच घातली: चावी देऊन व्हिडिओ पाठवा आणि त्यात आजची तारीख मोठ्यानं बोला.

व्हिडिओ आला. ढोलवाला झकास वाजवत होता. मागून एका बाईनं तारीख सांगितली, तीही चक्क मराठीत.

शेजारी बसलेली धाकटी बहीण दचकली. "दादा, हा तर माझा आवाज आहे!"

"चिमे, तू मिळालीस होय त्यांना? घरच्यांनीच टोपी घालायची?"

"तुझी शपथ! तुझ्या त्या डबड्यांना मी हात तरी लावते का?"

पण दादाचा संशय जाईना. त्यानं विक्रेत्याला लिहिलं, "त्या बाईंना विचारा, मी कोण?"

लगेच दुसरा व्हिडिओ आला. ढोलवाला थांबला होता. आवाज तोच, पण रडवेला.

"दादा, असं काय करतोस? मी चिमी. तुझ्या शेजारी ती कोण बसलीय?"

दादाची मान वळेना. शेजारून एक हात आला आणि त्यानं हळूच फोन बंद केला.