सभापतीच्या आईचा बूट

कॅनडात विधानसभेच्या नव्या सभापतीला खुर्चीपर्यंत ओढत न्यायचं आणि त्यानं लटके आढेवेढे घ्यायचे, हा रिवाज. आफ्रिकेतल्या इरिट्रियातून निर्वासित म्हणून आलेला वकील येमाने, सत्ताधारी पक्षाचाच आमदार, दोन वर्षांपूर्वी सभापती झाला. मुख्यमंत्र्यांनी त्याला दंडाला धरून ओढताच प्रेक्षकांच्या सज्जातून त्याची आई लेटे किंचाळली, “सोडा माझ्या लेकाला, मेल्यांनो!” आणि बर्फात घालायचा बूट तिनं मुख्यमंत्र्यांच्या टकलावर हाणला. सभागृहात हशा पिकला. मायदेशी तिच्या नवऱ्याला सैनिकांनी असंच ओढून नेलं होतं, कायमचं. आज निर्वासितांना फुकट वकील देणं बंद करायच्या सरकारी विधेयकावर समसमान मतं पडली. निर्णायक मत सभापतीचं. “नामंजूर!” येमाने म्हणाला. “राजीनामा टाक, गद्दारा!” मुख्यमंत्री गरजले. येमाने राजीनामा लिहून खुर्चीवरून उतरला. वर सज्जात लेटे बुटाची नाडी सोडतच होती. “राहू दे गं, आई,” तो हसला. “आज कुणी ओढत नाहीये. माझा मी चाललोय.”