घरातलं वाक्य

“जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा,” बाई म्हणाल्या. “पॅलिएटिव्ह. म्हणा.”

चष्मेवाल्यांनी म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग कुठे बाईंची मान हलली.

“आता अर्थ.”

“रोग बरा करत नाही, पण त्रास हलका करतं, असं काहीही.”

“आणि वाक्य?”

इथे नेहमी गाडी अडायची. बाई निवृत्त शिक्षिका. मोठ्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना संध्याकाळी घरीच कठीण इंग्रजी शब्द शिकवायच्या. त्यांचा एकच हट्ट असायचा, वाक्य स्वतःच्या घरातलं हवं. पुस्तकातलं चालायचं नाही. पोरं बिचारी आजीचं घोरणं आणि भावाचा आळस यांवर इंग्रजी वाक्यं रचून मोकळी व्हायची. चष्मेवाले मात्र आपल्या चष्म्याच्या दुकानातलं काहीतरी काढायचे.

“मोडक्या फ्रेमला डिंक लावणं हा पॅलिएटिव्ह उपाय आहे.”

पोरं हसली. बाई हसल्या नाहीत.

“हे दुकानातलं झालं,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या शब्दाकडे वळल्या.

घरातलं वाक्य चष्मेवाल्यांकडे होतं. ते तोंडातून काढायची हिंमत नव्हती.

त्यांच्या बायकोचं पोट दुखायला लागलं तेव्हा पहिल्यांदा ती एकटीच दवाखान्यात जाऊन आली होती. दुकान बंद ठेवू नका म्हणाली. आल्यावर म्हणाली, “पुढच्या वेळी तुम्ही चला. डॉक्टर भराभर इंग्रजी बोलतात, सगळं डोक्यावरून जातं.”

डॉक्टर बाहेरून आलेले, मराठीचा गंध नाही. चष्मेवाल्यांचं इंग्रजी दुकानापुरतं. नंबर, लेन्स, काचेवर ओरखडा पडल्यास आम्ही जबाबदार नाही. डॉक्टरांचे शब्द ऐकून ते नुसती मान डोलवत राहिले. त्याच आठवड्यात बायकोने दिलेल्या जेवणाच्या डब्यातला चमचा ज्या कागदात गुंडाळला होता तो त्यांनी सहज उलगडला. कुणीतरी रस्त्यात वाटलेली जाहिरात होती : कठीण इंग्रजी शब्द, अर्थ, उच्चार आणि वापरासह. पत्ता दोन गल्ल्या सोडून. ते त्याच संध्याकाळी गेले आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेले शब्द बाईंना विचारले.

अर्थ कळला त्या दिवशी ते बाईंच्या जिन्यात बराच वेळ बसून होते. ही बरी होणार नव्हती. मनाशी एकच ठरवून ते उठले : काही झालं तरी हे तिला कळू द्यायचं नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टर बोलले आणि त्यांना सगळं समजलं. समजलं नसतं तर बरं झालं असतं, असं वाटण्याइतकं समजलं. बायको शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांच्याच चेहऱ्याकडे बघत होती.

“काय म्हणाले हो?”

“औषध लागू पडतंय म्हणाले. जरा वेळ लागेल.”

“बघा! उगाच तोंड पाडून बसला होतात तुम्ही.”

त्यांनी तिची पिशवी उचलली आणि पुढे झाले. तिला आपले डोळे दिसायला नको होते.

घरी ते मोरीत नळ सोडून उच्चार घोकायचे. आतून हाक यायची, “अहो, नळ! टाकी रिकामी करून शेजाऱ्यांच्या शिव्या खायच्यात का?” मग ते हळू आवाजात घोकायचे.

वर्गाच्या बाबतीत ती भलतीच कडक. अंथरुणाला खिळली तरी संध्याकाळ झाली की भुणभुण सुरू.

“निघा आता. शेजारीण बसतेय माझ्यापाशी.”

“अगं, आज राहू दे. या वयात काय करायचेत एवढे शब्द?”

“गिऱ्हाइकावर छाप पडते. आणि इस्त्रीचा शर्ट घाला, पोरांसमोर बसायचं असतं.”

ते निघायचे. आपल्या भोळ्या बायकोशी आपण रोज खोटं बोलतो, या विचाराने वाटेत त्यांचा जीव तुटायचा. दारातून परत फिरावं, तिच्या कुशीत तोंड खुपसून सगळं सांगून टाकावं, असं कितीदा वाटलं. पण ती निदान निर्धास्त झोपत होती. तेवढ्यासाठी ते गप्प राहिले.

एका दुपारी ती गेली. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही, एवढंच समाधान त्यांच्या पदरात उरलं.

काही दिवसांनी ते बाईंकडे गेले. पोरं अजून यायची होती. त्यांनी चपलाही काढल्या नाहीत.

“उद्यापासून येत नाही, बाई. आता कुणासाठी शिकायचं?”

“बसा तरी.”

“तुमच्याशीही खोटंच वागलो मी. ते सगळे शब्द बायकोच्या दुखण्याचे होते. तिला कळू नये, आपणच झेलावं, म्हणून शिकत होतो. नाही कळलं तिला. तेवढं जमलं.”

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला.

“तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्याच्या दोन दिवस आधी त्या आल्या होत्या. तेच शब्द घेऊन. अर्थ ऐकून घेतले, रडल्या नाहीत. जाताना माझ्या जाहिरातीचा एक कागद मागून नेला.”

चष्मेवाले चपला काढून आत येऊन बसले.

“पॅलिएटिव्ह पण?” त्यांनी विचारलं.

“तोही. सवयीने मी त्यांच्याकडेही घरातलं वाक्य मागितलं. तुमच्यासारख्या त्या अडल्या नाहीत. लगेच म्हणाल्या, ‘मी गेल्यावर आमच्या ह्यांना तुमचा वर्ग हेच पॅलिएटिव्ह.’”