सीट धुलाईचे बाराशे

"सीट धुलाई, बाराशे रुपये." प्रभूनं बिल भाड्याच्या गाड्यांच्या एजन्सीत टेबलावर थापलं. "हे कशाचं, तेवढं सांगा."

वारंगा फाट्यावरच्या त्या पत्र्याच्या खोलीत सगळ्यांच्या माना वळल्या. प्रभूचा आवाजच तसा, जन्मभर मेंढरं हाकून कमावलेला. तो फाट्यावर बोलला की कळमनुरीतल्या बकऱ्या कान टवकारतात असं लोक म्हणत, आणि त्यात फार तर निम्मंच खोटं होतं.

शेजारी त्याच्याच गावचा जळबा टोपी मांडीवर घेऊन बसला होता. खरं तर भांडण त्याचं. गाडी त्यानं केलेली, बिल त्याच्या नावाचं. पण त्याला यायचंच नव्हतं. जाऊ दे रे बाबा, असं तो सकाळपासून सात वेळा म्हणाला, आणि सातही वेळा प्रभूनं मोटारसायकलला किक मारली.

जळबा लाइनमन म्हणून निवृत्त झालेला. बायको पद्माबाई गेल्यापासून घरात एक माणूस, एक ताट. मुलगा रत्नपाल पुण्याला. यंदा मे महिन्यात जळबानं पारावर सांगितलं, की पोरगं, सून, दोन्ही लेकरं सुट्टीला येणार आहेत. नांदेड स्टेशनावरून घ्यायचं, तीन दिवस फिरवायचं, गाडी ठरवून टाकली. परत आला तो गोष्टींचं गाठोडं घेऊनच. इसापूरच्या धरणावर नातीनं म्हणे विचारलं, आबा, एवढं पाणी झोपतं कुठं? नातू म्हणे पुढच्याच सीटवर बसायचं म्हणून नांदेडपासून रडला. लेकरं गावात काहून आणली न्हाईत, असं कुणी टोकलं की सुनेला ऊन सोसत नाही म्हणायचा आणि पुढची गोष्ट काढायचा. पारावरची माणसं दोन महिने तेच ऐकत होती. जळबाला इतकं बोलताना कुणी पाहिलंच नव्हतं.

मग हे बिल आलं, आणि नेमकं प्रभूच्या हाती लागलं. त्यानं विचारलं, लेकरू ओकलं का गाडीत? जळबाच्या तोंडून निघून गेलं, न्हाई.

तेवढं पुरलं. प्रभूनं त्याच संध्याकाळी पारावर जाहीर केलं, की म्हाताऱ्याला एकटा बघून लुटून राहिले. हे बाराशे उतरवून आणतो, नाहीतर जळबाकाका खोटे आणि मी त्यांच्याहून खोटा. म्हणजे आता पैशाची गोष्ट उरलीच नव्हती. जळबाचा शब्द पणाला लागला होता.

एजन्सीचा मालक फुलसिंग मात्र शांत होता. त्यानं वही काढून दाखवली. प्रवासी: मोठी तीन, लेकरं दोन. जळबानंच लिहून दिलेलं. उन्हाळ्याची सहल, त्यात लेकरं दोन, म्हणजे धुलाई धरायचीच, ही त्याच्याकडची रीत होती.

"धा वर्षं झाली धंद्याला," फुलसिंग म्हणाला. "न ओकणारं लेकरू आमी अजून बघितलं न्हाई."

"म्हंजे सीट न बघताच लिहिलं?"

फुलसिंगनं कबूल केलं. गाडी परत आली ती तशीच लग्नाच्या वरातीला गेली होती, बघायला वेळ कुणाला. पण बघणारा एक माणूस होता. तीन दिवस गाडी हाकणारा प्रमोद.

"त्याला इचारा. तो न्हाई म्हनला तर हे बिल तुमच्यासमोर फाडतो."

जळबा उठला. खिशात हात घातला.

"कशाला त्याला तकलीफ. भरतो मी."

प्रभूनं त्याला खांदा धरून खाली बसवलं. हक्काचे पैसे सोडायचे नाहीत, आणि कुणाला एवढं भ्यायचं नाही, असं त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावलं.

प्रमोद आला. पन्नाशीचा, पिकल्या मिशांचा, हात ओले. त्यानं जळबाकडं पाहिलं. जळबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता. ते मागच्या वर्षीचं होतं.

"खरं सांगायचं," प्रभू म्हणाला. "काकाचं लेकरू गाडीत ओकलं का?"

प्रमोदनं रुमालाला हात पुसले. एकेक बोट पुसलं.

"व्हय," तो म्हणाला. "धाकटं. धरणाच्या वळनावर."

प्रभूनं टेबलावरचं बिल उचलून परत वाचलं.

"आंबे लई झाले व्हते," प्रमोद पुढं म्हणाला. "मंग पोरीनं त्याची पाठ चोळली. आन् काकानं सोताच्या धोतरानं तोंड पुसलं त्याचं."

जळबा कॅलेंडरावरून हळूच वळला. त्याचे डोळे भरून आले होते, आणि चेहरा मात्र हसरा.

"तीन आंबे," तो म्हणाला. "चौथा मीच काढून घेतला हातातून."

प्रभू चिडला. मंग घरी न्हाई काहून म्हणलात, असं त्यानं विचारलं. जळबा म्हणाला, लेकराची चहाडी गावाला कशाला सांगायची. आता पारावर काय तोंड दाखवू, असं पुटपुटत प्रभू मोटारसायकल काढायला बाहेर गेला.

जळबानं बाराशे मोजले. पावतीवर कारण नीट लिहा, नातवानं ओकारी केली असं लिहा, अशी विनंती त्यानं केली. फुलसिंगनं तसं लिहिलं. जळबानं ती दोनदा वाचली आणि आतल्या खिशात ठेवली.

प्रमोद त्याला पायरीपर्यंत सोडायला आला.

"माझ्यापायी बाराशे गेले तुमचे."

"गेले तर गेले. बराबर बोललास तू."

प्रमोदनं इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली घेतला.

"काका, दिवाळीच्या सुट्टीत बी गाडी अशी रिकामीच फिरवायची का?"