बंद होताना

कॉम्प्युटर हँग होतो म्हणून केशवरावांनी तो तुमसरच्या दुरुस्तीच्या दुकानात रिताकडे आणला. मुलगी चंदा न सांगता घर सोडून गेली, त्याच दिवशी त्यांनी रागाने कॉम्प्युटरला जोडलेला तिच्या गाण्यांचा स्पीकर उपटून फेकला होता. रिताने सिस्टमच्या सगळ्या फायली तपासल्या. “काका, एकच फाइल कोनं तरी मुद्दाम बदलवली. कॉम्प्युटर बंद होताना वाजते, ती.” “कधी?” तिने तारीख वाचली. चंदा गेली तो दिवस. “मूळची बसवून देऊ?” “पहिले आयकू दे.” रिताने दुकानातला स्पीकर जोडून कॉम्प्युटर बंद केला. चंदाचा आवाज आला, “येतो, बाबा.” घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हे त्यांनीच तिला लहानपणी शिकवलं होतं. रिताने हळूच विचारलं, “काका, मूळची बसवू?” “नको, बेटा,” ते म्हणाले. “चालू कर. अन् पुन्हा बंद कर.”