मालकाचं पूर्ण नाव

दुकानाच्या बोर्डावर मालकाचं पूर्ण नाव ठळक पाहिजे, असं दिग्रसच्या व्यापारी कमिटीनं ठरवलं आणि तनवीर पेंटरला बसल्या जागी साठ बोर्डांचं काम मिळालं. शेवटच्या बोर्डावर, ‘गुलाब सायकल स्टोअर्स’च्या खाली, तो खुशीत ‘शेख हाफिज शेख करीम’ लिहीत होता. बाजूला त्याची शिक्षिका लेक मेहनाज उद्याचा इतिहासाचा धडा मोठ्यानं वाचत होती. जर्मनीत आधी ज्यूंच्या दुकानांवर खुणा रंगवल्या, म्हणजे दुकान कोणाचं ते लांबूनच कळावं.

तनवीरचा ब्रश थांबला. “मंग पुढे काय झालं, बेटा?”

मेहनाजनं पान उलटलं, तोच कमिटीचे अमरभाऊ दारात येऊन उभे राहिले.


“बोर्ड झकास झाले, तनवीरभाई. आता घराघराच्या दारावरच्या पाट्याही तुमालेच लिहा लागते.”