गटाराचं झाकण

निकोसियात मी पर्यटकांना सायप्रसची दुभंगलेली राजधानी दाखवते. अलीकडे आम्ही ग्रीक, पलीकडे तुर्की, मध्ये पिंपांची आणि काटेरी तारांची भिंत. लोक हळहळतात, फोटो काढतात.

परवा कोपऱ्यावर कॉफी पीत बसलेले माझे बाबा उठून थेट घोळक्यात शिरले.

"रोज काय गं हे रडगाणं? पाहुण्यांना चांगलं काही दाखव की!"

"बाबा, घरी जा."

त्यांनी रस्त्यातल्या लोखंडी झाकणावर काठी आपटली. "याचा फोटो काढा म्हणावं."

नाइलाजानं मी भाषांतर केलं. "गटाराचा?" एक बाई नाक मुरडून हसली.

"हो, गटाराचा! तीस वर्षं नगरपालिकेत इकडून मी सांभाळलं, तिकडून तुर्कांच्या ओझकेरनं. दोन्हीकडच्या मोऱ्यांचं पाणी आजही एकाच पाइपातून जातं. रस्ते तोडले, गल्ल्या तोडल्या. आमच्या गटाराला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही!"

हेही मी भाषांतर करून सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही.

आज घोळका घेऊन पोहोचले, तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून झाकणापाशी उभे. शेजारी, भिंतीपलीकडून, नाक्यावर ओळखपत्र दाखवून आलेले ओझकेरकाका. टाय लावून.