सातवी प्रत

धाकट्या भावाला जाऊन वर्ष झालं, तेव्हा मी त्याच्या झोपेतल्या फोटोचा स्क्रीनप्रिंट काढला. फोटोवर बारीक नागमोडी रेघा अशा बसवल्या, की बघणाऱ्याला त्याची छाती वर-खाली होताना दिसायची. सातच प्रती छापल्या आणि आठवी निघू नये म्हणून छपाईच्या जाळीवरचं चित्र धुऊन टाकलं.

"नुसता नजरेचा खेळ आहे," असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे.

एका दुपारी आई माझ्या छपाईच्या खोलीत आली. तिची दृष्टी जाऊन दहा वर्षं झाली होती. मी तिचा हात धरून टेबलावर मांडलेल्या पहिल्या प्रतीवर ठेवला.

तिने कागदावर तळवा टेकवला. मग हळूच म्हणाली, "गाढ झोपलाय गं. श्वास कसा संथ चाललाय."

"आई, कागद आहे तो."

तिने ऐकलं नाही. टेबलाच्या कडेने चाचपत ती एकेका प्रतीवर तळवा ठेवत गेली, तसा तिचा चेहरा निवत गेला. सातव्या प्रतीवर मात्र तिचा हात थबकला.

"काय झालं?"

"बोलू नकोस," आई कुजबुजली. "हा जागा आहे. श्वास रोखून धरलाय यानं. खोलीत अजून कोण आहे गं?"